समासातल्या दोन फुल्या

डिसेंबर लागला की केनेबेक नदी धड पाणी राहत नाही आणि धड जमीनही होत नाही. काठांकडून बर्फ धरत येतो, मधला काळा प्रवाह अजून चालता असतो. होडी घालावी तर बर्फाच्या कडा तिला अडवतात, पाऊल टाकावं तर पायाखालच्या कवचाचा भरवसा नाही. आज अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथली ही नदी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिच्या काठी हॅलोवेल नावाची वसाहत होती. लाकूड कापायच्या गिरण्या, थोडी शेती, पुष्कळ जंगल. तिथे रात्री-अपरात्री एका घराच्या दारावर थाप पडायची. पलीकडे कुणाच्या तरी बायकोला कळा सुरू झालेल्या असायच्या. पन्नाशी ओलांडलेली एक बाई उठायची, गरम कपडे अंगावर चढवायची, बोलवायला आलेल्या माणसामागून अंधारात निघायची आणि ऋतू असेल त्याप्रमाणे कधी डोंगीतून, कधी घोड्यावर, कधी गोठलेल्या नदीवरून पायी त्या घरी पोचायची. तिथे शेजारणी जमलेल्या असायच्या. कळा तासभर चालायच्या किंवा रात्रंदिवस. ती बसून राहायची. मग कधीतरी पहाटेच्या सुमाराला एक कोवळा, ओला, चिडलेला आवाज त्या लाकडी भिंतींवर आपटायचा, नाळ बांधली जायची, बाळंतिणीच्या कपाळावरून कुणाचा तरी हात फिरायचा, आणि ही बाई आली तशी परत निघायची.

घरी येऊन ती लिहायची.

हाताने कापलेले, हाताने शिवलेले कागद. पिसाचा टाक. आज हवा कशी होती, कुणाकडे गेले, मुलगा झाला की मुलगी, आई बरी आहे. समासात बाळंतपणाचा आकडा. आणि मोबदला हातात पडला की त्याच समासात शेजारी शेजारी दोन फुल्या. त्या दोन फुल्यांपाशी दिवस मिटायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा, पुन्हा नदी, पुन्हा कुणाचं तरी दार.

तिचं नाव मार्था बॅलर्ड. १७३५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावात जन्मलेली. १७८५च्या जानेवारीत तिची रोजनिशी सुरू होते आणि १८१२च्या मे महिन्यात, तिच्या मरणाच्या थोडे दिवस आधी थांबते. सत्तावीस वर्षांत ९,९६५ दिवसांच्या नोंदी आणि ८१६ बाळंतपणं. हे आकडे मी कितीदा तरी मनाशी उच्चारले आहेत. एका बाईच्या हातून एवढी माणसं या जगात उतरली, आणि त्या प्रत्येकाच्या पहिल्या दिवशी बाहेर ऊन होतं की बर्फ पडत होता, हेही तिने लिहून ठेवलं.

पण ही मार्था मला मार्थाने दाखवलेली नाही. ती मला दाखवली दुसऱ्याच एका बाईने, तिच्यानंतर जवळपास दोन शतकांनी त्या वहीपुढे येऊन बसलेल्या इतिहासकार लॉरेल थॅचर अल्रिक यांनी. त्यांच्या ‘अ मिडवाइफ्स टेल’ या पुस्तकाला १९९१ साली इतिहासलेखनाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, बॅनक्रॉफ्ट पारितोषिकही मिळालं, पुढच्या वर्षी मॅकआर्थर पाठ्यवृत्ती, मग हार्वर्डमधलं अध्यापन, २००९ साली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचं अध्यक्षपद. मानमरातबांची ही ओळ वाचताना मला मात्र त्या मानांच्या आधीची शांत वर्षं दिसत राहतात. नाव नव्हतं, खुर्ची नव्हती, घर होतं, मुलं होती, आणि वाचायची भूक होती, ती वर्षं.

अल्रिकबाईंचा जन्म १९३८चा, आयडाहो राज्यातल्या शुगर सिटीचा. बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. युटा विद्यापीठातून इंग्रजीची पदवी घेतली, लग्न होऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यू इंग्लंडात आल्या, पाच मुलं झाली. सिमन्स कॉलेजातून एम.ए. केलं, मग नवऱ्याच्या नोकरीचं गाव तेच आपल्या अभ्यासाचं गाव करून न्यू हॅम्पशायर विद्यापीठात इतिहासाची पीएच.डी. केली. ती १९८० साली मिळाली, चाळिशी ओलांडताना. ज्या वयात पुष्कळ संशोधकांची कारकीर्द पिकायला लागते, त्या वयात त्यांची उगवत होती. मला वाटतं, त्यांच्या इतिहासाला जो श्वास आहे तो या उशिरातून आला. घर चालवलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: दिवसातलं बहुतेक काम संध्याकाळपर्यंत पुसून जातं. भांडी घासली जातात आणि पुन्हा खरकटी होतात, कपडे वाळतात आणि पुन्हा मळतात, मूल जेवतं आणि त्याला पुन्हा भूक लागते. हे काम मागे काही ठेवत नाही. आणि इतिहास तर मागे उरलेल्या गोष्टींवर जगतो. मग या पुसल्या जाणाऱ्या आयुष्यांचा इतिहास कुणी लिहायचा, आणि कशावरून?

या प्रश्नापाशी त्या जन्मभर बसल्या.

१९७६ साली, अजून विद्यार्थिनी असतानाच, त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय होता प्युरिटन धर्मोपदेशकांनी सालस, देवभोळ्या बायकांच्या अंत्यविधीला केलेली प्रवचनं. त्यात ओघात एक वाक्य आलं: नीटनेटक्या वागणाऱ्या बायकांना इतिहासात सहसा जागा मिळत नाही, अशा अर्थाचं. वीसेक वर्षांनी ते वाक्य निबंधातून सुटलं आणि टी-शर्टांवर, कपांवर, मोटारींच्या पाठीवर जाऊन बसलं. बंड करा, म्हणजे नाव होईल, असा त्याचा अर्थ जगाने घेतला. अल्रिकबाईंच्या मनात होतं ते वेगळं. त्यांना कळवळा होता तो न गाजलेल्यांचा. जी बाई मुकाट्याने पाणी भरते, सूत कातते, आजाऱ्याच्या उशाशी बसते, तिच्या वाट्याला इतिहासाची एक ओळही येऊ नये याचं ते दुःख होतं. त्या गैरसमजावरही त्या चिडल्या नाहीत. २००७ साली त्याच वाक्याचं नाव देऊन त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं.

पण मला वहीकडे परत जायचं आहे.

मार्था गेली तेव्हा तिच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात आली ती एका वाक्याची: एफ्राइम बॅलर्ड यांची पत्नी, वय ७७. आठशेहून अधिक बाळंतपणांचा उल्लेख नाही, औषधांचा नाही, नदीचा नाही. वही मात्र घरात राहिली. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत, सुट्या पानांची चळत होऊन. १८८४ साली ती मेरी होबार्ट या मार्थाच्या खापरपणतीकडे आली. मेरी नुकतीच डॉक्टर झालेली होती. सुईणीची वही डॉक्टर नातीच्या हाती. या जागी मी दर वेळी थांबते. एकीच्या ज्ञानाला शाळा नव्हती आणि दुसरीला ती शाळा मिळवण्यासाठी काय काय सोसावं लागलं असेल, आणि दोघींच्या मधे शाईची ही एक पुसट वाट. मेरीने १९३० साली वही मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली. आता ती सुरक्षित होती. पण वाचलेली नव्हती. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी ती आधीच चाळली होती. एकाला त्यात सर्वसामान्य वाचकाच्या कामाचं फारसं काही दिसलं नाही, दुसऱ्याने तिचा सारांश करताना रोजची कामं आणि नाजूक नोंदी गाळून टाकल्या. पुढे नव्या काळातल्या, स्त्रियांच्या बाजूने लिहिणाऱ्या काही अभ्यासकांनाही तीत घरकामाची किरकोळ टिपणंच भेटली. हवा, धुणं, भेटीगाठी, वाफे, बाळंतपण. हवा, धुणं, भेटीगाठी.

अल्रिकबाई या कंटाळ्यापुढे आठ वर्षं बसल्या.

त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं कर्तृत्व कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. वही सापडणं हे भाग्य आहे. ती ग्रंथालयाच्या कपाटात होतीच, कुणालाही मागता येत होती. तिच्यातल्या चार थरारक नोंदी उचलून एक झकास गोष्ट लिहिणंही फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते सगळं वाचणं. पावसाची नोंद जितक्या आदराने, तितक्याच आदराने खुनाची. मटार कधी पेरले हे मोजणं, कोण चहाला आलं हे मोजणं, कुठल्या बाळंतपणाचे पैसे कधी आले हे समासातून टिपून घेणं, आणि मग गावाचे करपट, कोर्टाची कागदपत्रं, जमिनीचे व्यवहार, चर्चची दप्तरं त्या नोंदींशेजारी ठेवून पाहणं. पुन्हा पुन्हा येणारी गोष्टच खरी बोलते, हा विश्वास त्याला लागतो. आपण माणसांशीही असं वागत नाही. कुणी रोज तेच तेच सांगायला लागलं की आपलं लक्ष उडतं. त्यांचं उडालं नाही.

पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या आधी त्यांनी वहीतली काही पानं जशीच्या तशी दिली आहेत, मार्थाच्या स्वैर स्पेलिंगसकट, तुटक वाक्यांसकट. आधी वाचकाने एकटं त्या पानांतून चालायचं. पायाखाली काही लागत नाही. नावं येतात आणि जातात, कुणी आजारी आहे, कुणी बरं आहे, पाऊस आहे. मग अल्रिकबाई बोलायला लागतात, आणि ज्या पानांवरून आपण नुसते चालून आलो त्यांच्या खालून एक गाव वर यायला लागतं. १७८७चा ऑगस्ट. मुलांमध्ये घशाची आणि पुरळाची साथ आहे. तीन आठवड्यांत मार्थाने चार बाळंतपणं केली, आजाऱ्यांकडे सोळा खेपा घातल्या, तीन देहांची अखेरची तयारी केली, शिवाय नवऱ्याचा दुखरा घसाही पाहिला. वहीत हे एकाखाली एक येतं, एकाच सुरात. आणि मग अल्रिकबाई मागे नेतात, १७६९च्या उन्हाळ्यात, जेव्हा घटसर्पाच्या साथीत मार्थाच्या स्वतःच्या तीन लेकी काही दिवसांत एकीमागून एक गेल्या होत्या आणि हॅना पोटात होती. आता मागे वळून ती ऑगस्टची पानं पुन्हा वाचावीत. अक्षर तेच. सूर तोच. पण दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाला अंघोळ घालणारे हात आता आपल्याला ओळखीचे झालेले असतात.

एवढंच करून त्या बाजूला होतात. मार्थाच्या तोंडी एकही हुंदका घालत नाहीत.

एक दिवस मात्र मार्थाच्या लेखणीलाही वारा लागतो. १७८९चा एप्रिल, बर्फ वितळून सगळे ओढे फुगलेले, आकाशातून धो-धो पाऊस. तिला पलीकडून बोलावणं आलेलं. खवळलेली नदी तिने होडीने पार केली. पुढे एक ओढा, तो तरंगत्या ओंडक्यांवर पाय टाकत ओलांडला. मग घोड्यावरून जात असताना एक प्रचंड झाड मुळासकट उन्मळून तिच्या समोरच कोसळलं, घोडा दचकून मागे उसळला, ती वाचली. आणखी पुढे पूल वाहून गेलेला. सोबतच्या माणसाने पाण्यात उतरून लगाम धरून घोडा पलीकडे नेला. प्रत्येक संकटाशी ती देवाचे आभार मानते, आणि शेवटी, रात्री दहा वाजता त्या घरी मुलगी झाली आणि आई सुखरूप आहे, इथे नोंद संपते. वय त्रेपन्न-चोपन्न. मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाहेर आपल्याकडचा पाऊस होता, पागोळ्यांचा आवाज होता, आणि त्या एका पानाने माझ्या खोलीतली जमीन ओली केली. रात्री दहाला जन्मलेली ती मुलगी मोठी झाली असेल, म्हातारी झाली असेल. आपल्याला या जगात घ्यायला कोण, कुठल्या पाण्यातून आलं होतं हे तिला कधी कुणी सांगितलं असेल का?

आणि एक पान असं आहे की तिथे वारा नाही, पूर नाही, फक्त एक खोली आहे. त्या काळच्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात (मेन तेव्हा त्याच राज्यात होतं) लग्न न झालेल्या मुलीच्या ऐन कळांमध्ये सुईणीने तिला विचारायचं, बाप कोण. त्या वेदनेत बाई खोटं बोलणार नाही अशी समजूत होती, आणि तिने तेव्हा घेतलेलं नाव पोटगीच्या दाव्यात धरलं जायचं. १७९१च्या ऑक्टोबरात मार्था सॅली पियर्स नावाच्या अविवाहित मुलीच्या बाळंतपणाला गेली. वेळ आली तेव्हा सॅलीने नाव घेतलं: जोनाथन. मार्थाचा मुलगा. मार्थाने ते नाव इतर कुणाचंही लिहिलं असतं तसंच वहीत उतरवलं. आपल्याच लेकाचं बाळ आपल्या हातांत घेत असताना तिच्या मनात काय आलं, याबद्दल एक अक्षर नाही. चार महिन्यांनी जोनाथनने सॅलीशी लग्न केलं. त्या खोलीतल्या शांततेत मी कितीदा तरी जाऊन उभी राहिले आहे. कायदा आहे, कामाची शिस्त आहे, आईचं काळीज आहे, शेजारणींचे डोळे आहेत, आणि तिच्या हातात तिचं नातवंड आहे.

अल्रिकबाई इथेही आवाज चढवत नाहीत. उलट त्या शांतपणे मोजायला लागतात. मार्थाने केलेल्या पहिलटकरणींच्या बाळंतपणांत किती मुलं लग्नाआधी पोटात आलेली होती? दर दहांत जवळजवळ चार. म्हणजे सॅली एकटी नव्हती. सोवळ्या वाटणाऱ्या त्या जगाची ती रोजची रीत होती. आणि मार्थाच्या एकूण सगळ्या बाळंतपणांत दगावलेल्या आया किती? अवघ्या पाच. गणित असं वापरता येतं हे मला त्यांच्यामुळे उमगलं. आकडा माणसाला पुसत नाही. तो एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला सांगतो की तुझ्यासोबत पुष्कळ जणी होत्या.

समासातल्या दोन फुल्यांनाही त्यांनी असंच वाचलं. मोबदला कधी शिलिंगांत यायचा, कधी जिनसांत. घरातल्या लेकी, हॅना आणि डॉली, मागावर कापड विणायच्या. सूत एका घरातून यायचं, ताणा दुसऱ्या घरच्या बाईच्या मदतीने लागायचा, कापड तिसऱ्या घरी जायचं, आणि बदल्यात मुली कामाला यायच्या. पुरुषांच्या हिशेबाच्या चोपड्यांत यातलं काहीच नाही. गावाच्या बाजाराखाली बायकांचा एक दुसराच बाजार वाहत होता आणि त्याचा एकुलता दप्तरखाना म्हणजे ही वही. अल्रिकबाई त्या मागावरच्या निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाकडेच बोट दाखवतात: काही चौकोन निव्वळ निळे, काही निव्वळ पांढरे, काहींत दोन्ही धागे मिसळलेले. पुरुषांचं जग, बायकांचं जग आणि दोघांचं मिळून जग, एकाच विणीत. निळाच तेवढा धागा धरून ओढत राहिलं, तर हातात कापड येत नाही.

माझ्या आजीची एक वही होती. ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली, कोपरे तेलकट झालेली. दुधाचा खाडा, वाण्याची उधारी, कोण आलं, कोण गेलं, कुणाचं बारसं, मृगाचा पहिला पाऊस. बोरूची सवय सुटून पेन्सिल आलेल्या हाताचं ते मोठं, थोडं डुलणारं अक्षर. लहानपणी ती वही कुणी वाचत नसे, आजीसुद्धा नाही. ती लिहायची असायची. अल्रिकबाईंचं पुस्तक वाचून झाल्यावर मी ती काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एका वर्षी श्रावणात रतीब शेरावरून अच्छेरावर आलेला आहे. पुढे कितीतरी पानं अच्छेरच. कारण लिहिलेलं नाही. पण घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्या श्रावणात आजीचं धाकटं लेकरू गेलं. तिने दूध कमी केलं आणि ते लिहिलं. बाकी काही लिहिलं नाही. ती पेन्सिलीची खूण बोटाखाली अजून लागते.

आपल्याकडच्या सुईणींनी रोजनिश्या ठेवल्या नाहीत. बहुतेकींना अक्षरच दिलं गेलं नव्हतं. पण ज्यांना लिहिता आलं नाही त्यांनी पहाटे जात्यावर म्हटलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून आणि माणसं जोडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या याच जातीच्या धीराने. एकाच बापाच्या, एकाच भावाच्या, एकाच माहेरच्या वाटेच्या हजारो ओव्या. पुन्हा तेच, पुन्हा तेच. त्या पुनरुक्तीला कंटाळायचं नाही, ही जी साधना आहे तिचा देश एक नाही आणि भाषाही एक नाही.

वहीच्या शेवटच्या वर्षांत ऊन उतरत जातं. १८०४ साली एफ्राइमला कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. गावाचा कर वसूल करायचं काम त्याच्याकडे होतं आणि वसुली पुरी झाली नव्हती. मार्था सत्तरीला टेकलेली. जोनाथन आणि सॅली आपल्या मुलाबाळांसह तिच्याच घरात राहायला आले, आणि ही म्हातारी आपल्याच घरात एका खोलीची झाली. कळांमध्ये जिच्या तोंडून आपल्या मुलाचं नाव ऐकलं होतं, तीच सॅली आता घराची मालकीण. सरपण संपतं. कुणी आणून देतं, कुणी देत नाही. ती लिहून ठेवते. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुलीजवळ रात्री काढल्या, तिची स्वतःची चूल विझलेली असते आणि ती त्या गारठ्यातही टाक उचलते, हवा कशी आहे ते लिहिते. थंडी. आणि तरीही बोलावणं आलं की निघते. मरणाच्या महिनाभर आधीपर्यंत तिने बाळंतपणं केली.

पुलित्झरनंतर अल्रिकबाई थांबल्या नाहीत. २००१ साली आलेल्या ‘द एज ऑफ होमस्पन’मध्ये त्यांनी वहीऐवजी वस्तू समोर ठेवल्या: टोपली, चरखा, टेबलावर घालायचं कापड, एक अर्धाच विणून राहिलेला पायमोजा. त्यातलं एक कपाट माझ्या मनातून जात नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, रंगवलेलं, फुलावेलींचं. समोरच्या बाजूवर ठळक अक्षरांत पुरं नाव: हॅना बर्नार्ड. जमीन मुलांना जायची, मुलींच्या वाट्याला हलवता येतील अशा वस्तू यायच्या. लग्न झालं की आडनाव जायचं. या मुलीने आपलं माहेरचं नाव कपाटावर घातलं. पुढे ती बाळंतपणात गेली, कपाट लेकीकडे गेलं, आणि त्या घराण्यात हॅना बर्नार्ड हे नाव मुलींना मिळत राहिलं. २०१७च्या पुस्तकात त्या आपल्या स्वतःच्या मॉर्मन परंपरेतल्या बायकांच्या रोजनिश्यांकडे वळल्या, अनेकपत्नीत्वाच्या त्या अवघड घरांत शिरल्या, आणि तिथेही निवाडा करायची घाई केली नाही; आधी ऐकलं.

मोठ्या पारितोषिकांच्या मागे पुष्कळदा मोठा आवाज असतो. इथे नाही. इथे एक बाई दुसऱ्या बाईची वही वाचते आहे, इतकंच आहे, आणि त्या वाचण्यातून एका देशाचा इतिहास थोडा कलला. युद्धं आणि संविधानं जिथल्या तिथे राहिली. पण ज्या वर्षी वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला, त्या १७८९च्या एप्रिलात केनेबेकच्या काठी पुरातून एक सुईण चालली होती, हेही आता त्या वर्षाचा भाग झालं आहे.

वाचणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघरातल्या खणात आजीची, पणजीची, मावशीची अशी एखादी वही असेल; दुधाची, किराण्याची, बाळंतपणांच्या खर्चाची, पावसाची. घर बदलताना, वाटण्या होताना ती रद्दीत घालू नका. पहिल्या पानावर तिचं नाव लिहा, माहेरचंही. गाव लिहा, साल माहीत असेल तर साल. घरात ठेवायला जागा नसेल तर एखाद्या ग्रंथालयाला, संशोधन मंडळाला द्या. आणि देण्याआधी ती एकदा वाचा. सगळी, सलग, दुधाचा खाडासुद्धा न गाळता.